आउटबॅकबाई

कोलोरॅडोत नव्यानं आला असाल तर एक ओळख करून देणं भाग आहे. टाळायची म्हटली तरी ती टळणार नाही. डेन्व्हरमधल्या कुठल्याही कॉस्टकोच्या बाहेर, शाळेच्या फाटकाशी, डोंगरवाटेच्या पायथ्याशी ती उभीच असते. पण बोट दाखवून ‘ती बघा’ म्हणावं, तर शेजारी अगदी तशाच आणखी तिघी असतात. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती आटोपली की पार्किंगमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. झब्बा-जाकिटातले एक गृहस्थ प्रसादाचा डबा सांभाळत भलत्याच गाडीचं दार ओढत असतात आणि त्यांची स्वतःची गाडी दोन रांगा पलीकडे दिवे मिचकावत असते. ही सुबारू आउटबॅक. आपल्यापुरतं आउटबॅकबाई म्हणू.

दिसायला बेताची. नाकीडोळी नीटस, पण वळून बघावं असं काही नाही. तिला त्याची खंतही नाही. उलट ‘आम्ही बाई साध्या’ हाच तिचा तोरा आहे. शेजारची जर्मन गाडी दर रविवारी न्हाऊन-माखून उन्हात बसते. बाईंच्या अंगावर मात्र तीन आठवड्यांपूर्वीच्या सहलीची धूळ तशीच. ती कुणी पुसू नये, अशी तिची आतून इच्छा असते. मागच्या काचेवर कुत्र्याच्या नाकाचे ठसे, बंपरवर राष्ट्रीय उद्यानांचे स्टिकर, टपावर सायकलींचा स्टँड. न नटण्यासाठी इतकी तयारी करणारी दुसरी कुणी माझ्या पाहण्यात नाही.

मूळ गाव कुठलं, हा आपला पहिला प्रश्न. इथं मात्र बाई जरा अडखळतात. घराणं जपानी. नाव ऑस्ट्रेलियातल्या उजाड माळरानाचं. जन्म बराच काळ अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, लाफायेतच्या कारखान्यात. आणि संसार कोलोरॅडोत, नाहीतर व्हरमाँटमध्ये. जातीचाही घोळ आहेच. कागदोपत्री ती एसयूव्ही म्हणवते. बांध्यानं अगदी अलीकडेपर्यंत स्टेशन वॅगन. नव्वदीच्या दशकात अमेरिकेला उंच गाड्यांचं वेड लागलं आणि सुबारूकडे दाखवायला उंच गाडीच नव्हती. मग घरातलीच लेगसी वॅगन घेतली, तिला कडेनं पट्टे लावले, दोन रंग दिले आणि १९९४ साली आउटबॅक म्हणून पुढं केली. आधी नुसता साज चढवला. उंची खरी वाढवली ती नंतर. जाहिरातीला ‘क्रोकोडाइल डंडी’ सिनेमावाला पॉल होगन आणला. लोकांनी वॅगनकडे बघितलं, होगनच्या हॅटकडे बघितलं आणि ही डोंगरातलीच असणार असं धरून चालले. गंमत म्हणजे पुढं ती खरोखरच डोंगरातली झाली.

घराण्याचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. १९१७ साली चिकुहेई नाकाजिमा नावाच्या गृहस्थानं विमानांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला विमानं बनवायला बंदी झाली, कारखान्याचे तुकडे झाले आणि विमानं बनवणारे हात स्कूटर बनवू लागले. पहिल्या रॅबिट स्कूटरला उरलेल्या बॉम्बफेकी विमानांची शेपटीची चाकं लावली होती. पुढं १९५३ साली पाच कंपन्या एकत्र येऊन सहावी झाली, ती फुजी हेवी इंडस्ट्रीज. बाईंच्या कपाळावर दिसणारी एक मोठी आणि पाच लहान चांदण्या त्याच. कृत्तिका नक्षत्र ते.

अमेरिकेतलं घराण्याचं पहिलं पाऊल काही शुभ नव्हतं. १९६८ साली माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम या दोघांनी सुबारू ३६० नावाची एवढीशी गाडी आणली. वजनानं ती इतकी हलकी, की सुरक्षेचे सरकारी नियम तिला लागूच होत नव्हते. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं १९६९ साली ती चालवून बघितली आणि स्वीकारण्याजोगी नाही, असा स्वच्छ शेरा मारला. बाईंसमोर या आजीचा विषय काढू नये.

काढायचाच तर बर्फातल्या मावशीचा काढावा. ईशान्य जपानात तोहोकू नावाचा भाग आहे, तिथं हिवाळ्यात बर्फाच्या भिंती उभ्या राहतात. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना तारा तपासायला डोंगरात जावं लागे आणि ती जात जीपमधून. जीप पोचवायची, पण आतला माणूस गारठून काष्ठ व्हायचा. तेव्हा ‘जीपसारखी चालेल पण आत बसवेल अशी काही गाडी देता का’, अशी मागणी त्यांनी केली. त्याच भागातल्या मियागीमधल्या सुबारूच्या विक्रेत्यानं एका वॅगनच्या मागच्या चाकांनाही ओढ जोडून दिली. त्यातूनच १९७२ साली चारही चाकांना ओढ असलेली लिओनी बाजारात आली. आउटबॅकबाईंचा स्वभाव समजून घ्यायचा तर एवढी एक गोष्ट पुरे. ती मर्दुमकी गाजवायला जन्मलेली नाही. बर्फात काम करणाऱ्या माणसाचे पाय गरम राहावेत, म्हणून जन्मली.

आपल्याकडेही या घरातलं एक माणूस येऊन गेलं आहे. फॉरेस्टर ही तिची धाकटी बहीण २००३ च्या सुमारास भारतात विकायला होती, पण शेवरोले नावानं. तेव्हा जनरल मोटर्सचा सुबारूत हिस्सा होता. दुसऱ्याच्या नावावर नांदायला आली, कुणी फारसं ओळखलं नाही, निमूट परत गेली. पुण्यात आजही एखादी दिसते म्हणतात. दिसली तर नमस्कार करा, मानी घराण्यातली आहे.

आता बाईंची चाल बघा. रात्री हातभर बर्फ पडलंय, घरासमोरचा उतार पांढरा झालाय, शेजाऱ्याची सेडान मागं जाण्याच्या नादात एकाच चाकानं बर्फ घासून त्याचा आरसा करतेय. बाईंना गिअरमध्ये टाका. आधी काहीच होत नाही, मग एक हलका हुंकार, आणि कुणी मागून हात लावल्यासारख्या त्या सरकतात. बऱ्याच गाड्या पुढच्या दोन चाकांवर चालतात आणि पुढची चाकं घसरली की मागच्यांना हाक मारतात. बाईंची चारही चाकं पहिल्यापासून कामावर असतात. इंजिनही उभं नाही, आडवं झोपलेलं आहे. दट्टे समोरासमोर ठोसे मारल्यासारखे दोन्ही अंगांना धावतात, त्यामुळे सगळं वजन खाली बसतं. वळणावर बाई फारशा झुकत नाहीत, हा त्याचाच गुण.

त्यातूनही अडकल्याच, तर एक्स-मोड नावाचं बटण आहे. ते दाबलं की बाई पाय जपून टाकतात. जे चाक नुसतं गरगरतंय त्याला ब्रेक लावून ओढ दुसऱ्या चाकाकडे देतात, उतारावर स्वतःच वेग धरून ठेवतात. मात्र ताशी चाळीसएक किलोमीटरच्या पुढं गेलात की ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणून हा मोड आपोआप सुटतो. बाईंना लाड करायला आवडतं, पण किती वेळ, ते त्यांच्या हातात.

इथवर ऐकून माणसं खूश होतात आणि तिथंच फसतात. कारण बाईंचा एक मोठा दोष आहे: निघायला त्या पटाईत, थांबायला चारचौघींसारख्याच. चार चाकांची ओढ निघताना उपयोगाची. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांवर असतात. त्यात बाईंचं वेगळं काही नाही. पहिल्या हिवाळ्यात नव्या मालकाला हे कुणी सांगत नाही. ओळखीतल्या एका जोडप्यानं ऑक्टोबरात बाईंना घरी आणलं. नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं तेव्हा गृहस्थ इतके निर्धास्त, की लाल दिव्याला उगाच लवकर ब्रेक कशाला, असं म्हणाले. गाडी घाबरली नाही, ओरडली नाही. चारही चाकांना ब्रेक लावून, मान ताठ ठेवून ती चौकाच्या मधोमध गेली आणि तिथं शांतपणे उभी राहिली. समोरच्या ट्रकवाल्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्याला सवय असावी.

दोष चपलांचा होता. शोरूममधून बाई ज्या टायरांवर येतात ते बारमाही, म्हणजे कुठल्याच मोसमात धड नाहीत असे. पारा सात अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात. टायरच्या कडेला तीन शिखरं आणि मधे हिमकण अशी खूण आहे का, ते बघायचं. नुसतं ‘एम अँड एस’ लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नये. कोलोरॅडोचा कायदाही बाईंपेक्षा त्यांच्या पायाकडेच बघतो: डेन्व्हरच्या बाहेर मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंतच्या आय-७० वर सप्टेंबर ते मे या काळात चारही चाकांची ओढ असली, तरी टायरला निदान ३/१६ इंच, म्हणजे पाचएक मिलिमीटर खोल नक्षी शिल्लक असायला हवी. माझं विचाराल तर जुन्या बाई आणि नवे हिवाळी टायर ही जोडी, नव्या बाई आणि गुळगुळीत टायर या जोडीपेक्षा कधीही उजवी. हे मी सांगतो, तेव्हा लोक मान डोलावतात आणि चकचकीत नवीन मॉडेलची किंमत विचारतात.

टायरवाल्याकडे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात जाऊन बघा. दहा गाड्यांची रांग, त्यातल्या सहा बाईंच्याच. मालक चहाकॉफीचे कप धरून खुर्च्यांवर, बाई वर उचललेल्या, पाय लोंबत, पोट उघडं पडलेलं. अशा वेळी त्यांच्याकडे बघू नये. मानी स्वभाव आहे.

घाट चढताना मात्र स्वभावाचा दुसरा कंगोरा दिसतो. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० चढत जातो, अकरा हजार फुटांच्या वरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत. तिथली हवा विरळ. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची तीसेक टक्के ताकद हवेतच विरून जाते. बाईंच्या अंगात अडीच लिटरचं साधं इंजिन असेल, तर शेवटच्या चढाला त्या कुरकुरू लागतात. त्यांच्या गिअरबॉक्सला ठरावीक गिअरच नाहीत, साखळी आहे. पाय दाबला की इंजिन एका सुरात ओरडतं, लांबच्या घरघंटीसारखं, आणि वेग आपल्या सवडीनं येतो. शेजारून लाकडं भरलेला ट्रक निघून गेला की बाईंचा आवाज थोडा वाढतो, वेग नाही. टर्बो लावलेल्या बहिणीला हा घाट काहीच वाटत नाही, पण ती पेट्रोलही तशीच पिते आणि किमतीलाही जड. डोंगरात दर शनिवारी जाणार असाल तर टर्बो घ्या. वर्षातून चारदा जाणार असाल तर कुरकुर ऐकून घ्या, घरच्यांची ऐकतोच की आपण.

सगळ्यात तापदायक सवय टोकण्याची. समोरच्या काचेच्या मागं, आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन डोळे बसवलेत. आयसाइट म्हणतात त्यांना. पट्टा ओलांडला, पीप. पुढच्या गाडीजवळ गेलात, पीप. पुढची गाडी निघाली आणि तुम्ही फोनकडे बघत बसलात, तरी पीप. टचस्क्रीनवर हीटर लावायला जरा जास्त वेळ डोळे गेले, तर चालकाकडे बघणारा आतला वेगळा डोळा ‘रस्त्याकडे बघा’ म्हणून ताकीद देतो. आणि खरं बर्फ सुरू झालं, काचेवर चिखल-मीठ साचलं, की आरशाशेजारचे ते दोन डोळे ‘मला दिसत नाही’ म्हणून स्वतः बंद होतात. जिथं टोकणाऱ्या माणसाची गरज असते, तिथं तो नेमका हात झटकतो, हा अनुभव काही गाड्यांपुरताच नाही. शिवाय कोलोरॅडोत रस्त्यावर वाळू-खडी टाकतात. ती उडून काच तडकते, आणि काच बदलली की त्या डोळ्यांना पुन्हा नजर लावून द्यावी लागते. काच एक, बिलं दोन.

पाहुणचारात मात्र बाईंचा हात कुणी धरणार नाही. एका घरी पुण्याहून आई-वडील आले, मुक्काम सहा महिन्यांचा. सूनबाईंच्या मनात मोठी, रुबाबदार, खऱ्या चार-बाय-चार जातीची गाडी घ्यायचं होतं. ती दारात आली तेव्हा सासूबाईंनी आधी गुडघ्याकडे बघितलं, मग गाडीच्या पायरीकडे, मग मुलाकडे. शेवटी मुलानं खालून आधार दिला, सुनेनं वरून हात धरला आणि सासूबाई एकदाच्या आत गेल्या. उतरायचा विषय त्या दिवशी कुणी काढलाच नाही. मग आउटबॅक आणली. तिची बैठक नेमकी कमरेच्या उंचीवर आहे. सेडानसारखं खाली कोसळायला नको, उंच गाडीसारखं चढायलाही नको. नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. सासूबाई टेकल्या. सुनेनं बटण दाबून सीट गरम केली. दोन मिनिटांनी मागून आवाज आला, ‘हे काय गरम होतंय गं?’ आणि आणखी दोन मिनिटांनी, ‘राहू दे, बंद नको करूस.’ गाडी तिथंच पसंत झाली. मुलानं रकाने आखून केलेला मायलेजचा तक्ता कुणी उघडलासुद्धा नाही.

डिकीही दिलदार. कॉस्टकोचा तांदूळ, मुलांचे बर्फाचे बूट, घसरगाडी, आणि भाद्रपदात थर्मोकोल नको म्हणून पुठ्ठ्याचं केलेलं मखर, सगळं मावतं. मागची सीट पाडली की गादी टाकून दोन माणसं झोपतात. डोंगरात तशी झोपणारी तरुण मंडळी कमी नाहीत. टप बेताच्या उंचीवर आहे, त्यामुळे स्की बांधायला शिडी लागत नाही. घरात माणसं जास्त असतील तर ॲसेंट नावाची थोरली बहीण बघावी. तिच्यात सीटच्या तीन रांगा आहेत आणि कप ठेवायच्या जागा एकोणीस. माणसं फार तर आठ बसतात. उरलेल्या अकरा कपांचं काय, हे मी सुबारूच्या विक्रेत्याला विचारलं होतं. तो हसला आणि मला रंग दाखवू लागला.

कच्च्या रस्त्याची बाईंना हौस आहे, अट्टहास नाही. ब्रेकनरिजहून कोमोकडे जाणारा बोरियास पास घ्या. जुन्या अरुंद रुळांच्या आगगाडीची वाट ती, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास जाते. रूळ गेले, खडी राहिली. सप्टेंबरात दोन्ही कडेला ॲस्पनची झाडं हळदीसारखी पिवळी होतात आणि सगळं डेन्व्हर फोटो काढायला लोटतं. अशा वाटेवर बाई खुलतात. खालून साडेआठ इंचांहून थोडी जास्त मोकळी जागा आहे, त्यामुळे मोठी धोंड अंगाखालून जाते. खड्ड्यात चाक गेलं तरी चहाचा कप हिंदकळतो, सांडत नाही. पण पुढं कुणी ‘या बाजूनं वर एक खाण आहे, बघून येऊ’ म्हणालं, की ओळखीच्यानं नाही म्हणावं. बाईंना खडकावर चढायचा हळू गिअर नाही, आणि नाकाखालचा काळा प्लास्टिकचा ओठ लांब आहे. पायरीसारखा दगड आला की तो आधी लागतो. तो आवाज एकदा ऐकला की मालक बाईंपेक्षा जास्त दुखावतो. तिथून जीपवाले बोटं उंचावून एकमेकांना सलाम करत वर जातात. बाईंना सलाम करत नाहीत. त्याही बघत नाहीत.

या हौसेपायी घरातली एक जरा बिघडलीच म्हणायची. वाइल्डरनेस तिचं नाव. २०२१ पासून तिच्या खालची मोकळी जागा साडेनऊ इंच झाली, अंगावर काळं जाड प्लास्टिक चढवलं, ठिकठिकाणी तांब्याच्या रंगाचे गोंदण-ठिपके, पायात जाड खाचांचे टायर. दिसते झक्क. तिच्यातल्या बऱ्याच जणी आयुष्यभर शाळा आणि किराणा एवढंच करतात. पण किराण्याच्या दुकानापुढचा फुटपाथ चढताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मोठ्या माणसांच्या दुखण्याबद्दल बोलू नये, तरीही जुनी आउटबॅक घेणाऱ्याला सांगायला हवं. नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तयार झालेल्या अडीच लिटरच्या इंजिनांना हेड गॅस्केट गळायची खोड होती. त्या काळातली बाई स्वस्तात मिळत असेल तर मेकॅनिकला आधी एकच विचारा: गॅस्केट बदललंय का? बदललं असेल तर ती अजून बरीच वर्षं तुमच्याकडे राहील, आणि तुम्ही तिला ‘आता ही शेवटची’ म्हणत राहाल.

अलीकडे बाईंनी अंग बदललंय. २०२६ च्या मॉडेलमध्ये त्या चौकोनी झाल्या. छप्पर उंच, खांदे ताठ. वॅगनपणा लपवायचा तीस वर्षांचा उद्योग अखेर पूर्ण झाला. जुने चाहते कुरकुरतात, नवे विचारतात की यात वॅगन होतीच कुठं. परवा त्याच पुण्याच्या सासूबाईंच्या मुलानं शोरूममध्ये नवीन गाडी बघितली. विक्रेता अश्वशक्ती आणि स्क्रीनचे इंच सांगत होता. मुलगा ‘थांबा जरा’ म्हणाला, दार उघडलं, सीटशेजारी उभा राहिला आणि ती आपल्या कमरेला कुठं लागते, ते हातानं मोजू लागला. बायको मागून म्हणाली, ‘तुझ्या नाही, आईंच्या कमरेनं मोज. तू सहा इंचांनी उंच आहेस.’